शैलाताई, चहा बाहेरच थांबलाय

शैलाताई,

बारवीकडची बस बंद झालेली नाही.

निर्णय पहिल्या ओळीत सांगायचा आणि कारणं मागून, हे तुमचंच. "वाचणारा पहिली ओळ वाचून उठून गेला, तरी त्याला काय ठरलं ते कळलं पाहिजे," असं म्हणत तुम्ही माझ्या पहिल्यावहिल्या मेलचे वरचे चार परिच्छेद उडवले होते. तेव्हा घ्या, ही पहिली ओळ. आता तुम्ही उठून जायला मोकळ्या. गेलातच म्हणा. पण मी थांबणार नाही. बाकीचं सांगितल्याशिवाय माझ्या जिवाला चैन नाही, आणि हे दुसऱ्या कुणाला सांगू? घरी बाबांना सांगायला गेले तर ते विचारतात, "घोषणा कुणी दिली?" कुणीच दिली नाही हो! हीच तर गंमत आहे. नुसतं वाचन झालं. तुमचं ते चहाआधीचं वाचन. या वेळी ते मी केलं, आणि माझे पाय अजून जमिनीला लागलेले नाहीत.

तुमच्या घरी लोक येऊन तुमच्याबद्दल बोलून गेले. मनमिळाऊ, शांत, सोशिक. मी कोपऱ्यात बसून मुठी आवळत होते. शांत? तुम्ही? साहेबांनी ऐन जेवणाच्या सुट्टीत मीटिंग ठेवली म्हणून कॅलेंडरवर लाल चौकोन ओढून त्यात "पोटपूजा, हलवता येणार नाही" असं लिहिणारी बाई सोशिक? तुमच्याबद्दल खोटं बोललेलं तुम्हाला आवडणार नाही, म्हणून मी आठवतंय तसंच लिहिते.

मोरिवलीच्या आपल्या कारखान्यात बाटल्यांची झाकणं होतात. मी तिथे प्रशासन सहाय्यक म्हणून लागले, तेव्हा सगळ्यांना सांगायचे की हे काम सध्यापुरतं आहे. मी उल्हासनगरच्या छपाईवाल्याची मुलगी. बाबांनी जन्मभर कामगारांची, पाण्याच्या मोर्चांची, भाडेकरूंची पत्रकं छापली, त्यातली अर्धी उधारीवर. मी अक्षरं ओळखायला शिकले ती पत्रकांवर. शाळेतून आले की दप्तर फेकायचं आणि चिकटवायच्या खळीचा डबा उचलायचा. "बंधू-भगिनींनो, जागे व्हा" हे मला कुठल्याही बडबडगीताच्या आधी पाठ होतं. अशा घरातली मुलगी साहेबांचं कॅलेंडर सांभाळायला जाते म्हटल्यावर बाबा म्हणाले, "म्हणजे तू आता त्यांच्या चहाची वेळ राखणार." ते मला लागलं होतं. ते खरंय असंही वाटत होतं.

आणि पहिल्याच आठवड्यात तुम्ही मला मीटिंगला बसवून मिनिट्स लिहायला सांगितले. विषय होता कॅन्टीनमधले पंखे. मी लिहिलं, "व्यवस्थापनाने याही वेळी कामगारांच्या तोंडाला पाने पुसली असून, घामाने निथळणाऱ्या श्रमिकांचा संयम आता संपत चालला आहे."

तुम्ही चष्मा वर सरकवून वाचलंत. मग चष्मा काढलात. मग टेबलावर डोकं टेकवून इतक्या हसलात की कमलमावशी पॅन्ट्रीतून धावत आल्या. "काय झालं ताई? बरं नाही का?"

"मावशी, पंख्याची मीटिंग होती, हिने तिथे क्रांती करून आणली," तुम्ही डोळे पुसत म्हणालात. मग माझ्याकडे वळून, "अगं पत्रक, यात पंखे किती लागणार ते कुठंय? कोण आणणार? कधीपर्यंत?"

मला ते माहीत नव्हतं. मी संयम संपवण्यात गुंतले होते.

त्या दिवसापासून माझं नाव पडलं पत्रक. "काय पत्रक, आज कोण मुर्दाबाद?" ही तुमची सकाळची हाक. मी चिडायचे, तुम्ही चिंचेची गोळी पुढे करायचात. आता सकाळी माझ्या टेबलापाशी कुणी काही बोलत नाही. प्रज्ञा अशी हाक मारतात सगळे, माझं तेच नाव आहे, आणि तरी क्षणभर मी दुसऱ्याच कुणाला हाक मारली असं समजून मान वर करत नाही.

तुम्ही मला कधी शिकवायला बसला नाहीत. काम करता करता फटके मारलेत. फोनवर मी कुणाला "साहेब नाहीत" म्हणाले की पलीकडच्या टेबलावरून तुमचा आवाज यायचा, "नाहीत हे त्याला कळलं. आहेत कधी, ते सांग." फाइलला मी "फायनल", मग "फायनल दोन", मग "खरंच फायनल" अशी नावं दिली, तेव्हा तुम्ही सगळ्या विभागांसमोर विचारलंत, "यातलं खोटं फायनल कुठलं ते सांगतेस का?" कुणी व्हॉट्सअॅपवर किंवा तोंडी काही कबूल केलं, की तुम्ही त्याला लगेच दोन ओळींची मेल टाकायचात, "आपलं आत्ता असं बोलणं झालं." मला ते चुगलखोरपणाचं वाटायचं. पण त्या दोन ओळींमुळे पॅकिंगच्या बायकांची दिवाळीची सुट्टी वाचली, ते मी पाहिलं. आणि नवी एक्सेलची युक्ती कळली की तुम्ही लहान पोरीसारख्या खुर्चीत गोल फिरायचात. निवृत्ती जवळ आलेल्या बाईने इतकं खूश व्हावं असं त्या तक्त्यात काय होतं, ते मला तेव्हा कळत नव्हतं. मागच्या आठवड्यात मला शिफ्टचा तक्ता आपोआप रंगवता आला आणि मी खुर्चीत गोल फिरले. कुणी पाहिलं नाही. तुम्ही पाहायला हवं होतं.

तुमची खरी करामत होती ते वाचन. आपल्या मीटिंगमध्ये चहा सुरुवातीला नसतो, मध्ये नसतो. कमलमावशी किटली घेऊन दाराबाहेर उभ्या. आत सगळं बोलून झालं की तुम्ही उभ्या राहायचात आणि काय काय ठरलं ते मोठ्याने वाचायचात. नुसतं वाचायचा नाहीत. प्रत्येकाकडे बघून, नाव घेऊन विचारायचात, "हे तुमचंच ना?" तो माणूस "हो" म्हणाला की पुढे. "नाही" म्हणाला की दुरुस्ती. आणि कुणी छताकडे बघत बसला, तर तुम्ही थांबायचात. तोपर्यंत बाहेर आल्याच्या चहाचा वास सुटलेला असायचा.

मी एकदा विचारलं, "चहा आधी दिला तर काय बिघडतं?"

"चहा आत आला की माणूस सैल होतो. सैल झालेला माणूस कशालाही बरं म्हणतो. आणि बाहेर गेल्यावर म्हणतो, मी असं कुठे म्हटलं?"

"आणि कुणी गप्पच बसला तर?"

"तर गप्प बसला असं लिहायचं. गप्प म्हणजे हो नव्हे. कुणाच्या गप्प बसण्याचा होकार करायचा हक्क आपल्याला कुणी दिला?"

बाबांच्या एकाही पत्रकात मला इतकं जहाल वाक्य सापडलेलं नाही. तुम्ही ते पंचिंग मशीनमधला कागद ओढता ओढता बोललात.

तरी आपण भांडलो. खूप भांडलो, आणि ते बरं झालं. तुमचं म्हणणं, लिहिणाऱ्याने स्वतःचं मत त्यात घालायचं नाही. "कागद तुझा नाही, खोलीचा आहे." माझं म्हणणं, खोलीत सहा साहेब आणि एक पॅकिंगवाली असताना जो म्हणतो मी मधोमध उभा आहे, तो साहेबांच्याच बाजूला उभा असतो. तुम्ही म्हणायचात, "बरं. मग तू बाजू घे. पण मग सहा साहेब तुझ्या लिहिण्यावर विश्वास ठेवणार नाहीत, आणि त्या पॅकिंगवालीच्या हातात एवढा एकच कागद असतो, तोही जाईल." मग मी विषय बदलून दुसऱ्या भांडणावर यायचे, ते तुमच्या नावाचं.

तुम्ही इतकी वर्षं मिनिट्स लिहिलेत आणि उपस्थितांच्या यादीत तुमचं नाव एकदाही नाही. साहेब उपस्थित, इंजिनियर उपस्थित, बाहेरून आलेला मशीनवाला उपस्थित. तुम्ही खोलीत सगळ्यांच्या आधी येऊन प्रोजेक्टर लावणार, सगळ्यांच्या शेवटी पंखा बंद करणार, आणि कागद सांगणार की तुम्ही नव्हताच.

"अगं, पंगतीत वाढणाऱ्यांना पानं मोजताना धरत नाहीत," तुम्ही म्हणायचात.

"का धरत नाहीत? त्यांना पोट नाही?"

"आहे. ते मागाहून निवांत जेवतात. आणि कुणी किती खाल्लं ते त्यांनाच माहीत असतं."

तुम्ही हे मजेत म्हणायचात. मला त्यात मजा वाटली नाही कधी.

मग ते नवं सॉफ्टवेअर आलं. मीटिंग ऐकतं, आणि संपता संपता सारांश पडद्यावर टाकतं. आपल्या प्लांटचे प्रमुख प्रधानसाहेब हसत म्हणाले, "शैलाताई, आता तुमच्या हातांना आराम." मला वाटलं, संपलं आपलं. मी संध्याकाळपर्यंत मनातल्या मनात पत्रकाचा मथळासुद्धा लिहून ठेवला. तुम्ही मात्र दुसऱ्या दिवशी त्या यंत्राची सगळी बटणं दाबून पाहिलीत, त्याला मराठी ऐकवलंत, हिंदी ऐकवलंत, उत्पादनाच्या गायकरसाहेबांची मोरिवलीची शिवी ऐकवलीत. मग माझ्याकडे वळलात.

"हुशार आहे गं. झरझर लिहितं. फक्त एक वाईट खोड आहे. कुणी काही बोललं नाही की हे लिहितं, सर्वसाधारण एकमत."

"मग वापरायचं नाही?"

"वापरायचं ना! मला दोन तास टायपिंग वाचतंय, मी काय वेडी आहे? त्याला लिहू दे. वाचून आपण दाखवू."

आणि त्याच सुमारास बसचं कळलं. तुम्हाला आधी, कारण कॅलेंडर तुमच्याकडे. मला तुमच्या पडद्यावरून. बदलापूरच्या पुढे, बारवीच्या रस्त्याला जे पाडे आहेत, तिथून पॅकिंगच्या बायकांना आणणारी कंपनीची बस बंद करायचा विचार चालला होता. मीटिंगचं नाव गोंडस, "परिवहन पुनर्रचना". मी उसळले. आत्ताच्या आत्ता बाबांकडे जाते, पत्रक छापते, सकाळी गेटवर वाटते.

तुम्ही दार लावलंत. मला आठवतंय, तुम्ही पहिल्यांदाच आवाज चढवला होतात.

"वाट. जरूर वाट. उद्यापासून या खोलीत तुझ्यासमोर कुणी तोंड उघडणार नाही. आपल्या कानावर जे पडतं ते पडू देतात, कारण आपण ते विकत नाही. ते गेलं की तू इथे नुसती टायपिस्ट."

"आणि त्या बायका? त्यांना कळायचा हक्क नाही?"

"आहे."

"मग?"

तुम्ही पडदा माझ्याकडे वळवलात. मीटिंगचं निमंत्रण जाणार होतं. त्यात चौथ्या ओळीत, "संबंधितांच्या प्रतिनिधी", आणि पुढे नाव, वनिता, पॅकिंग विभाग. पाड्यावरून येणाऱ्या बायकांत तिचाच शब्द चालतो, हे सगळ्या कारखान्याला माहीत. तुम्ही बटण दाबलंत. सगळ्यांना गेलं. संध्याकाळपर्यंत सगळ्यांनी अॅक्सेप्ट केलं, प्रधानसाहेबांनीही.

"हे लपूनछपून झालं," मी म्हटलं. मला अजून पत्रकच हवं होतं.

"लपून? सगळ्यांच्या इनबॉक्समध्ये आहे. चौथी ओळ वाचत नाहीत हा काय माझा दोष?"

तो शनिवार होता. आपण बरोबरच निघालो. रिक्षा स्टँडपर्यंत मी तेच ते उगाळत होते. म्हटलं, "ताई, या मीटिंगच्या मिनिट्समध्ये तरी स्वतःचं नाव घाला. आणि बस बंद होऊ नये असं तुम्हाला वाटतं, तर तसं म्हणा. एकदाच म्हणा. कुणाला तरी कळू दे की तुम्हाला मत आहे."

तुम्ही थांबलात. मला वाटलं तुम्ही हसणार. हसला नाहीत. माझ्याकडे नीट बघितलंत आणि म्हणालात, "सोमवारी बोलू. आज भाजी घ्यायचीय."

रिक्षात बसताना गोळी दिलीत. रविवारी दुपारी कमलमावशींचा फोन आला. त्या नुसतं "ताई, ताई" म्हणत होत्या आणि मी विचारत होते, "ताई काय? ताई काय?"

मीटिंग पुढे ढकलली गेली. माझं अंबरनाथ पूर्वेला तुमच्याकडे येणं झालं. तुमच्या मुलीने तुमची पर्स उघडी करून दाखवली, त्यात चिंचेच्या गोळ्या आणि तीन पेनं. मी एक पेन मागून घेतलं. ते चालत नाही. तुम्हाला न चालणारं पेन पर्समध्ये बाळगायची सवय होती, हे मला माहीत नव्हतं. तुमच्याबद्दल मला माहीत नसलेल्या गोष्टी आता तशाच राहणार, ह्या विचाराने मी परतीच्या वाटेवर रडले. बाकी मी रडले नाही. मी संतापले होते, तुमच्यावर. सोमवारी बोलू म्हणून जायचं असतं का असं?

आता ऐका. हा सोमवार.

खोलीत मी आधी गेले, प्रोजेक्टर लावला. प्रधानसाहेब आले, हिशेब विभागाचे लालवानीसाहेब आले, उत्पादनाचे गायकरसाहेब आले, बाकीचे दोघे आले आणि शेवटपर्यंत मोबाइलमध्ये राहिले. मग दार उघडून वनिता. डोक्यावरची जाळीची टोपी अजून तशीच, लाइनवरून थेट आलेली.

प्रधानसाहेब म्हणाले, "हिला कुणी बोलावलं?"

मी निमंत्रण पडद्यावर उघडलं. "शैलाताईंनी पाठवलं होतं, सर. आपण अॅक्सेप्ट केलंय."

लालवानीसाहेबांनी मान खाली घातली, ते हसू दाबत होते. साहेब म्हणाले, "बसा," आणि मग काय वाटलं कोण जाणे, पुन्हा उभे राहिले. "आधी शैलाताईंसाठी सगळे उभे राहू या."

आम्ही उभे राहिलो. पंखा फिरत होता, कॅन्टीनसाठी मी क्रांती केली होती तसलाच. बसलो, तर पडद्यावर यंत्राने टाइप करून टाकलं होतं, "विषय एक: शैलाताई यांना श्रद्धांजली." ताई, तुमचं नाव. इतक्या वर्षांत पहिल्यांदा मिनिट्समध्ये तुमचं नाव, आणि ते असं. मरावं लागतं का त्यासाठी?

पण मी तिथे ओरडले नाही. वाचनाला अजून वेळ होता.

चर्चा झाली. साहेबांनी आकडे दाखवले, बस अर्धी रिकामी येते म्हणाले. लालवानीसाहेब काही बोलले, अर्धं सिंधीत अर्धं हिंदीत. गायकरसाहेब छताकडे बघत राहिले. वनिता एकदा "साहेब..." म्हणाली, तेवढ्यात साहेबांनी पुढची स्लाइड लावली. शेवटी पडद्यावर सारांश आला. इंग्रजीत, सुबक. बारवी मार्गावरील बस बंद करण्यावर सर्वसाधारण एकमत.

"छान," साहेब म्हणाले. "पाठवून दे सगळ्यांना. चला, चहा आणा."

मी उभी राहिले. "वाचन झालं की लगेच, सर."

"अगं, ते शैलाताई करायच्या. आता हे आहे ना," पडद्याकडे बोट.

"त्यांचीच पद्धत आहे, सर. आत्ताच आपण त्यांच्यासाठी उभे राहिलो."

बाहेर किटलीचं झाकण वाजलं. मी मराठीत वाचलं, तुमच्यासारखं सावकाश. मग वळले. "लालवानीसाहेब, बस बंद करावी. हे तुमचंच ना?"

"मेरा? नहीं साईं! मैंने बंद करो बोला ही नहीं. मी विचारलं, मोठीच्या जागी लहान बस चालेल का? पूछना अलग, बोलना अलग."

मी दुरुस्त केलं, त्यांच्याच शब्दांत. "गायकरसाहेब, तुमचं?"

"मी तर काही बोललोच नाही."

"म्हणून तर विचारते, सर. गप्प होतात असं लिहू, की काही म्हणायचंय?"

ते खुर्चीत सावरून बसले. एकदम वाचाच फुटली त्यांना. "म्हणायचंय. ह्या बायका गेल्या तर पॅकिंगची लाइन मी कुणाच्या जिवावर चालवू? पालेगावात नवीन टॉवर झालेत, तिथली माणसं येणार आहेत का झाकणं भरायला? लिही हे. माझ्या नावावर लिही."

लिहिलं! मोबाइलवाल्या दोघांना विचारलं. एक म्हणाला, मत नाही. लिहिलं, मत नाही. दुसरा म्हणाला, गायकर म्हणतात तसं. मग मी वनिताकडे वळले. "वनिता, तुझं?"

तिने टोपी काढून मांडीवर ठेवली. "माझं इतकंच हाय. बस अर्धी रिकामी येते ती पयल्या पाड्यापोत. मंग भरते. ज्यानं मोजलं तो पयल्या पाड्यालाच उतरला आसंल. आनि बस नाय तं संध्याकालची पाली सुटल्यावर आमी बारवीच्या रस्त्यानं पायी जावं? तिथं बिबट्या फिरतो. त्याला काय दाखवू, कंपनीचं कार्ड?"

गायकरसाहेब फस्सकन हसले. लालवानीसाहेबही. मीही, आणि मग हसणं थांबलं, कारण वनिता हसत नव्हती.

शेवटी प्रधानसाहेब उरले. "सर, बस बंद करावी हे मत फक्त आपलं राहिलं. आपल्या एकट्याच्या नावावर निर्णय म्हणून लिहू?"

त्यांनी खोलीभर नजर फिरवली. तुम्ही म्हणायचात ते खरं, एकट्याने सही करायची वेळ आली की माणूस पुन्हा विचार करतो. "निर्णय कशाला? विचार होता," ते म्हणाले. वाईट माणूस नाही तो. त्यांना खरंच वाटलं होतं की सगळ्यांचं एकमत आहे. पडदा तेच सांगत होता. मग ठरलं: बस चालू राहील. लहान बसचं लालवानीसाहेब बघतील, कुठल्या पाड्याला किती जणी चढतात ते वनिता सांगेल, आणि पुढच्या मीटिंगला वनिता असेल. कोण, काय, कधीपर्यंत, सगळं लिहिलं. पंख्यांच्या वेळी विसरले होते ते एकूण एक.

इथे थांबले असते तर तुम्ही माझ्यावर फार खूश झाला असतात. मी थांबले नाही.

सगळ्यांचं लिहून झाल्यावर मी म्हटलं, "आता माझं मत. ज्यांच्या पायाखालची बस काढायची, त्यांना न विचारता काढणं चूक झालं असतं. हे माझं म्हणणं आहे, माझ्या नावाने लिहिते." आणि उपस्थितांच्या यादीत वनिताच्या खाली टाइप केलं, प्रज्ञा, प्रशासन.

प्रधानसाहेबांच्या कपाळाला आठी. "तू कशाला? तू लिहिणारी."

"मी खोलीत होते, सर."

क्षणभर वाटलं, गेलं. कमावलेलं सगळं मी माझ्या हाताने घालवलं. तेवढ्यात गायकरसाहेब म्हणाले, "होती ना खोलीत. एवढा वेळ चहा अडवून धरला तो काय भुताने?" सगळे हसले, साहेबही, आणि हसण्याच्या भरात ते नाव तसंच राहिलं. मी दार उघडलं. कमलमावशी किटली घेऊन उभ्या, डोळे भरलेले. सगळं ऐकलं होतं त्यांनी. पहिला कप त्यांनी वनिताला दिला. साहेबांच्या आधी.

संध्याकाळी मिनिट्स बाबांना दाखवले. ते उभ्या उभ्या, मशीनला टेकून, शाई लागलेल्या हातांनी कागदाची कड धरून वाचत होते. "यात निषेध हा शब्द कुठेच नाही," म्हणाले. मग कागद उलटून, "पण बस आहे." मग परत वाचायला लागले. ताई, मी त्यांना म्हटलं की हे माझं काम आहे. सध्यापुरतं हा शब्द मी त्या वाक्यात घातला नाही. हे तुम्हाला सांगायचं राहून गेलं होतं. कधीचं.

आता आपलं भांडण. मी मत दिलं. पुढच्या वेळी साहेब माझ्यासमोर मोकळं बोलतील का, मला माहीत नाही. कदाचित तुम्ही म्हणत होतात तेच होईल, आणि वनिताच्या हातातला कागद मी हलका केला असेल. की वाढणारीला एकदा पानावर बसावंच लागतं? रिक्षापाशी तुम्ही थांबून माझ्याकडे बघितलंत, तेव्हा काय म्हणणार होतात? मला वाटतं तुम्ही हो म्हणणार होतात. नाव घालते, असं. मला तसं फार फार वाटतं.

म्हणून हे सगळं मी तुम्हाला मोठ्याने वाचून दाखवलं. माझा चहा बाजूला झाकून ठेवलाय. शैलाताई, हे तुमचंच ना?

तुम्ही गप्प आहात. तुमच्याच नियमाने मी त्याचा होकार लिहीत नाही. लिहिते इतकंच: शैलाताईंनी मत दिले नाही. विषय खुला ठेवण्यात आला आहे.

उपस्थित: प्रज्ञा.